खाटेखालचे पीक आणि पेंढ्याचा मालक

‘भूमिहीन’ हा शब्द सरकारी कागदपत्रांत फार सहजतेने लिहिला जातो. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात तो येतो, लाभार्थ्यांच्या रकान्यात येतो आणि उपयोगिता प्रमाणपत्राच्या शेवटच्या पानापर्यंत सोबत करतो. मात्र ज्याच्याकडे जमीन नाही त्याने पीक कसे घ्यावे, या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणाऱ्या योजना हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत. कोंबड्या, शेळ्या, मधमाश्या आणि गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला आलेली अळिंबी, म्हणजेच मशरूम. त्यातही शिंपल्यासारख्या आकारामुळे जिला जगभर ऑयस्टर मशरूम म्हणतात, ती धिंगरी अळिंबी घरच्या घरी, पेंढ्याच्या पिशवीत, दोन महिन्यांच्या आत हाती येते. तिला शेत लागत नाही, ऊन लागत नाही, यंत्रसामग्रीही फारशी लागत नाही.

या उत्तराला एक चेहराही लाभला आहे. बिहारच्या मुंगेर जिल्ह्यातील टेटिया बंबर प्रखंडातल्या बीना देवी यांनी खाटेखाली एक किलो अळिंबी पिकवून सुरुवात केली. पुढे त्या धौरी पंचायतीच्या सरपंच झाल्या. (बिहारमध्ये पंचायतीचा प्रमुख मुखिया असतो आणि सरपंच हे ग्रामकचहरीचे, म्हणजे गावपातळीवरील न्यायमंडळाचे पद आहे.) ८ मार्च २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार देण्यात आला. पाच प्रखंडांतील १०५ गावांत त्यांनी ही लागवड पोहोचवली आणि सुमारे १५०० कुटुंबांनी ती स्वीकारली, अशी नोंद त्या गौरवात आहे. राष्ट्रीय बागवानी मंडळाच्या २०२१-२२ च्या आकडेवारीत अळिंबीच्या उत्पादनात बिहार देशात पहिल्या क्रमांकावर आला, त्यामागे अशा अनेक घरांचा हात आहे.

माझ्या सेवेची बरीच वर्षे बिहारमध्ये गेली. अळिंबी प्रशिक्षणाच्या अहवालांवर मी सह्या केल्या आहेत, शिबिरांच्या समारोपाला उपस्थित राहिलो आहे. निवृत्तीनंतर पाटण्यातील घराच्या मागच्या खोलीत मी स्वतः धिंगरीच्या पिशव्या भरू लागलो. एकच गोष्ट आधी फायलीतून आणि मग हातांनी पाहिली, तेव्हा एक मत पक्के झाले: हे पीक बिनजमिनीचे असले, तरी ते ज्यावर वाढते तो पेंढा बिनजमिनीचा नाही. पेंढा, बियाणे आणि बाजार या तीन गोष्टी ज्यांच्या हाती आहेत, ते भूमिहीन नाहीत. तेथे धोरणाने हात घातला नाही, तर खाटेखालचे पीक पहिल्या तोडणीनंतर थांबते.

अभक्ष्यापासून अनुदानापर्यंत

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या पिकाचा प्रवास मोठा उद्बोधक वाटतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या पंक्तीला कवके बसवून ती द्विजांना अभक्ष्य ठरवली आहेत. लोकभाषांनीही अळिंबीचा मान फारसा ठेवला नाही. हिंदीत ती कुकुरमुत्ता झाली, मराठीत कुत्र्याची छत्री. दोन्हीकडे बिचाऱ्या कुत्र्याचेच नाव पुढे आले. परंतु जंगलाच्या कडेने राहणाऱ्या समाजांनी हा निषेध कधी मनावर घेतला नाही. झारखंडात सालवृक्षांच्या तळाशी मातीत मिळणारा रुगडा पावसाळ्यात रांचीच्या बाजारात भाव खातो. गोव्यात आणि कोकणात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्यांची वाट पाहिली जाते. ओडिशात छतू हा सणासुदीइतक्याच आवडीने खाल्ला जाणारा पदार्थ आहे.

या रानमेव्याला एक काळी बाजूही आहे. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातील विषारी अळिंबी खाल्ल्याने तेरा जणांचा मृत्यू झाला. त्यांत चहामळ्यांच्या परिसरातील कुटुंबे होती. रानातली भाजी खुडून ताटातली उणीव भरून काढणारी माणसे ही जोखीम हौसेने पत्करत नाहीत. बियाण्यापासून आपल्या देखरेखीखाली वाढलेली धिंगरी त्यांच्या घरात असणे, हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न राहत नाही.

धिंगरीची लागवड मुळात उपासमारीच्या काळात जन्मली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नाची टंचाई असताना, १९१७ च्या सुमारास रिचर्ड फाल्क या वनशास्त्रज्ञाने लाकडाच्या ओंडक्यांवर ती वाढवण्याची पद्धत मांडली. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत जकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव या संशोधकांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर धिंगरीची एक जात वाढवून दाखवली. ओंडक्याच्या जागी पेंढा आला आणि हे पीक खऱ्या अर्थाने आपल्या देशाचे झाले. १९७४ मध्ये सी. एल. जंडाईक आणि जे. एन. कपूर यांनी हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या खोडावर आढळलेली एक जात लागवडीखाली आणल्याचे प्रसिद्ध केले. साजोर-काजू या नावाने ती जगभर पोहोचली. वर्गीकरणतज्ज्ञांनी पुढे तिचे शास्त्रीय नाव बदलले, तरी उत्पादकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले.

१९८३ मध्ये हिमाचल प्रदेशातील सोलन येथे अळिंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. आज ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अळिंबी संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. त्याच्या समन्वयाखाली राज्याराज्यांत केंद्रे चालतात, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील केंद्र त्यांपैकीच एक. १९९७ मध्ये सोलनला ‘भारताचे मशरूम शहर’ म्हणून घोषित करण्यात आले. संशोधनाच्या बाबतीत आपण मागे आहोत, अशी तक्रार करायला जागा नाही. अडते ते प्रयोगशाळा आणि खाट यांच्या दरम्यान.

दहा पिशव्यांचे गणित

धोरणाविषयी बोलण्याआधी हे पीक प्रत्यक्षात कसे घेतात, ते वाचकांना ठाऊक असलेले बरे. कारण योजनांतील उणिवा कृतीच्या तपशिलात दडलेल्या असतात.

नवशिक्याने दहा पिशव्यांपासून सुरुवात करावी. त्यासाठी साधारण दहा किलो कोरडा पेंढा आणि एक किलो बियाणे लागते. बियाणे म्हणजे उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. बाजारात सगळे त्याला स्पॉन म्हणतात. पेंढा त्याच हंगामातला, पिवळाधमक आणि पावसात न भिजलेला हवा. काळपट पडलेल्या, कुबट वास येणाऱ्या पेंढ्यात आपल्या बुरशीच्या आधी दुसऱ्याच बुरशीने घर केलेले असते. पेंढ्याचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करून ते रात्रभर पाण्यात भिजत घालावेत.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे निर्जंतुकीकरण. प्रशिक्षण शिबिरांत बहुधा बुरशीनाशक आणि फॉर्मलिन यांच्या द्रावणात पेंढा बुडवायला शिकवतात. मोठ्या उत्पादकाला ती पद्धत सोयीची असेल. जेथे स्वयंपाक आणि लागवड एकाच छताखाली होतात, तेथे मी गरम पाण्याच्या बाजूचा आहे. भिजवलेला पेंढा गोणपाटात भरून ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावा. थर्मामीटर नसला, तर पाण्याला उकळी फुटण्याच्या आधीची, भांड्याच्या तळाशी बुडबुडे धरण्याची अवस्था ध्यानात ठेवावी. मग पेंढा स्वच्छ जाळीवर किंवा तिरप्या फळीवर निथळत ठेवून पूर्ण थंड होऊ द्यावा. मूठभर पेंढा घट्ट पिळला असता पाण्याचा थेंब पडू नये, पण तळहात ओला व्हावा, इतकीच ओल हवी. जास्त ओलीत पेंढा कुजतो आणि कमी ओलीत बुरशी पुढे सरकत नाही.

हात साबणाने धुऊन, पंखा बंद करून पिशव्या भराव्यात. साधारण ४५ बाय ६० सेंटिमीटरच्या प्लास्टिक पिशवीत चार बोटे पेंढ्याचा थर, त्यावर कडेकडेने बियाण्याचे दाणे, पुन्हा पेंढा, पुन्हा दाणे, असे चार-पाच थर हाताने दाबत भरावेत. तोंड बांधून पिशवीला चहूबाजूंनी दहा-पंधरा बारीक छिद्रे पाडावीत. किलोभर कोरड्या पेंढ्याची पिशवी भिजून चार किलोंच्या घरात जाते आणि तिला सुमारे शंभर ग्रॅम बियाणे पुरते.

पिशव्या पंधरा ते वीस दिवस अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. तापमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान असले की पांढरे धागे पेंढ्यात पसरत जातात आणि अखेर पिशवी पांढऱ्याशुभ्र गठ्ठ्यासारखी दिसू लागते. कोठे हिरवा डाग दिसला, तर ती पिशवी तत्काळ घराबाहेर न्यावी. एका पिशवीचा मोह बाकीच्या नऊ पिशव्यांना भोवतो. पूर्ण पांढऱ्या झालेल्या पिशवीचे प्लास्टिक कापून काढावे. आता तिला मंद उजेड, खेळती हवा आणि ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते. त्यासाठी खोलीत ओली गोणपाटे टांगावीत, दिवसातून दोन-तीनदा बारीक फवाऱ्याने पाणी शिंपडावे. चार-सहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर येतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत छत्र्या तोडणीला येतात.

हे पीक आपली तक्रार स्वतःच बोलून दाखवते. देठ लांब आणि छत्री इवलीशी झाली, तर हवा कोंडली आहे असे समजावे. छत्रीच्या कडा सुकून फाटल्या, तर पाणी कमी पडले आहे. कडा वर वळण्याआधीच घोस मुळाशी धरून पिळून काढावा. उशीर केला की छत्र्यांतून बीजाणूंची पांढरी भुकटी झडू लागते, आणि ती काहींना खोकला व दमा देते. म्हणून अंकुर आल्यापासून त्या खोलीत झोपू नये. ‘खाटेखालचे पीक’ हे शब्द स्फूर्तिदायक आहेत, पण लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या घरात पिशव्या उघडल्यावर त्या ओसरीच्या कोपऱ्यात किंवा ताटव्यांच्या आडोशाला हलवाव्यात, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले गेले पाहिजे.

पहिल्या तोडणीनंतर सात ते दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन तोडण्या मिळतात. एक किलो कोरड्या पेंढ्यातून अर्धा ते पाऊण किलो, हात बसल्यावर त्याहूनही अधिक ताजी अळिंबी निघते. दहा पिशव्यांतून साधारण दोन महिन्यांत सहा-सात किलो. याचा अर्थ पाच माणसांच्या घराला आठवड्यातून दोन वेळची भाजी. उरलेला पेंढा गांडूळखतात जातो. सगळ्या पिशव्या एकाच दिवशी न भरता दर आठवड्याला दोन-तीन भरल्या, तर ताटात खंड पडत नाही.

पेंढा कोणाचा?

आता धोरणाकडे वळतो. दहा पिशव्यांना दहा किलो पेंढा लागतो, हे मी सहज लिहून गेलो. एक एकर भातातून दोन टनांच्या आसपास पेंढा निघतो, तेव्हा दहा किलोंची ती मातब्बरी काय, असे कोणालाही वाटेल. पंजाब-हरियाणात शेतात जाळल्या जाणाऱ्या पेंढ्यावर अळिंबी हा उपाय म्हणून सुचवणारेही भेटतात. हिशेब केला की दिसते, एका एकराचा पेंढा खपवायला सुमारे दोन हजार पिशव्या भराव्या लागतील. एवढ्या पिशव्या भरणारी माणसे आणि तेवढी अळिंबी खाणारी तोंडे कोठून आणणार? धूर हटवण्याची अपेक्षा या पिकाकडून करू नये. पूर्व भारतातील चित्र याच्या उलट आहे. तेथे पेंढा हा गुरांचा चारा आहे, छपराचे साहित्य आहे आणि तो शेतमालकाचा आहे.

बिहारमध्ये कापणीची मजुरी पूर्वी बोज्यांत, म्हणजे कापलेल्या पिकाच्या भाऱ्यांत मिळत असे. मजुराच्या घरी दाण्यांसोबत पेंढाही येई. कापणीयंत्र आले, रोख मजुरी आली आणि तो भारा घरी येणे कमी होत गेले. बटाईने शेती करणाऱ्याचा वाटा तर तोंडी करारावर उभा असतो. दाण्याची वाटणी ठरलेली असते, पेंढ्याची बहुधा मालकाच्या मर्जीवर. पश्चिम बंगालमधील ‘ऑपरेशन बर्गा’शी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या देबब्रत बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली बिहारने २००६ मध्ये भूमिसुधार आयोग नेमला. २००८ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने बटाईदारांना कायद्याचे संरक्षण द्यावे, असे सुचवले. तो कायदा झाला नाही. अळिंबीच्या पिशवीचा आणि भूमिसुधारांचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की, भाताचा हंगाम संपल्यावर चार महिन्यांनी एखाद्या भूमिहीन बाईला ती पिशवी पुन्हा भरता येते की नाही, हे त्या संबंधावरच ठरते. तिची गरज वर्षाला शे-दीडशे किलो पेंढ्याची आहे. प्रश्न वजनाचा नाही. पेंढा कोणाच्या दाराशी जाऊन मागावा लागतो आणि त्याबदल्यात काय द्यावे लागते, हा प्रश्न आहे.

बियाणे आणि बाजार

बियाण्याची गोष्ट वेगळी, पण तितकीच नाजूक. ते जिवंत असते. उन्हाळ्यात बसच्या टपावरून आठ तास प्रवास केलेली पिशवी पांढरी दिसली, तरी आतली बुरशी मेलेली असू शकते. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या जवळच्या गावांना ताजे बियाणे मिळते. समस्तीपूर जिल्ह्यातील पूसा येथील डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्रीय कृषी विद्यापीठाच्या परिसरात अळिंबी रुजली, त्यामागे हे एक साधे भौगोलिक कारण आहे. दूरच्या गावाला बियाणे व्यापाऱ्याकडून घ्यावे लागते. ते केव्हा तयार झाले, कोणत्या जातीचे आहे, हे पाकिटावर असेलच असे नाही. पीक बुडाले, की दोष मात्र बाईच्या स्वच्छतेवर जातो.

अनुदानाची रचनाही पाहण्यासारखी आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत अळिंबी उत्पादन केंद्रासाठी २० लाख आणि बियाणे केंद्रासाठी १५ लाख रुपयांची खर्चमर्यादा धरलेली होती आणि खासगी उद्योजकाला त्यावर ४० टक्के, तेही बँककर्जाशी जोडलेले, अनुदान होते. वातानुकूलित खोल्यांत बटन अळिंबी पिकवणाऱ्यासाठी ही रचना योग्यच म्हणावी लागेल. त्या अळिंबीला खास कंपोस्ट लागते, थंडावा लागतो, भांडवल लागते. परंतु दहा पिशव्यांची बाई या तक्त्यात कोठेच बसत नाही. तिच्या वाट्याला येते ते प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि एकदाच मिळणारी पिशव्यांची भेट.

मग येतो बाजार. ताजी धिंगरी साध्या हवेत दुसऱ्या दिवशी मलूल होते. शहरी गिऱ्हाईक पांढऱ्या बटनाला सरावलेले असते, करड्या धिंगरीकडे ते संशयाने पाहते. ओडिशाचा अनुभव येथे शिकवण देणारा आहे. तेथे पाळ छतू, म्हणजे पेंढ्यावर वाढणारी अळिंबी, खेड्यापाड्यांतल्या घरांत आवडीने खाल्ली जाते. पिकवणारी आणि विकत घेणारी एकाच गावच्या असू शकतात. जेथे ही खाद्यपरंपरा नाही, तेथे आपण बाईला पहिल्याच दिवशी विक्रेती बनवायला निघतो. ही पोकळी हेरून काही व्यापारी ‘बियाणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ’ असे आश्वासन देतात. माझ्या ओळखीच्या एका बचत गटाने चढ्या दराने संच घेतले. माल तयार झाला, तेव्हा वाळवलेल्या अळिंबीचा रंग पसंत नाही, असे कळवून खरेदीदाराने हात वर केले. दहा किलो ताजी अळिंबी वाळून एक किलो होते. त्या गटाकडे तेव्हा पत्र्याच्या डब्यांत अकरा किलो वाळलेला माल होता आणि संचाच्या कर्जाचा हप्ता चालू होता.

आधी ताट, मग ताजवा

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, या पिकाकडे सुरुवातीला अन्न म्हणून पाहावे आणि मगच व्यवसाय म्हणून. त्यासाठी अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. अळिंबी मांसाला तोडीस तोड आहे, असे फलक मी शिबिरांत पाहिले आहेत. ताज्या धिंगरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि शंभर ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे तीन ग्रॅम. डाळीची जागा ती घेऊ शकत नाही. मात्र भाजी म्हणून तिची प्रथिने बहुतेक पालेभाज्यांच्या पुढे जातात किंवा बरोबरीने राहतात. तोडल्यानंतर तिच्या पाकळ्यांची बाजू वर करून थोडा वेळ उन्हात ठेवले, तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. भात आणि बटाटा यांवर दिवस काढणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा येणारी अशी भाजी हा लहानसा का होईना, खरा लाभ आहे. तो बाजारभावावर अवलंबून नाही. घरातल्यांना चव लागली, शेजारणीने वाटीभर मागितली, की गावातच गिऱ्हाईक तयार होते. ओडिशाने वेगळ्या मार्गाने जे मिळवले, ते इतर राज्यांना असे एकेका घरातून मिळवावे लागेल.

या दृष्टीने चार गोष्टी करता येण्याजोग्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही मोठ्या निधीची गरज नाही. पहिली, प्रत्येक पंचायतीत बचत गटांच्या संघाने भात आणि गव्हाच्या हंगामात काही टन पेंढा विकत घेऊन छपराखाली साठवावा आणि तो वर्षभर किलोच्या दराने आपल्या सदस्यांना द्यावा. फिरत्या निधीतून हा खर्च बसतो. पेंढ्यासाठी मालकाच्या दारात जाण्याची पाळी त्यामुळे टळेल. दुसरी, बियाण्याच्या प्रत्येक पाकिटावर जात आणि तयार केल्याची तारीख असणे बंधनकारक करावे, आणि प्रखंड पातळीवर एका प्रशिक्षित गटाला लहान बियाणेकेंद्र चालवू द्यावे. १५ लाखांच्या केंद्राखेरीज त्याहून पुष्कळ लहान आकाराची एक पायरी अनुदानाच्या तक्त्यात यायला हवी.

तिसरी, पीएम पोषण योजनेत शाळांच्या पोषणबागांना उत्तेजन आहेच. जेथे पालकांची संमती असेल आणि खाद्यपरंपरा आड येत नसेल, तेथे गावातील गटांकडून आठवड्यातून एकदा धिंगरी घेण्याची मुभा जिल्ह्याला द्यावी. आठवड्याला वीस किलोंची निश्चित मागणी पाच-सहा घरांना उभे करते. परत विकत घेण्याच्या आश्वासनांना तेच खरे उत्तर ठरेल. चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि, प्रशासनाचा माझा अनुभव सांगतो, सर्वांत अवघड आहे. प्रशिक्षणाची मोजणी बदलावी लागेल. किती महिलांना प्रशिक्षण दिले आणि किती पिशव्या वाटल्या, हे दोन रकाने आज प्रत्येक अहवालात भरलेले असतात. त्यांच्या पुढे तिसरा रकाना घालावा: स्वतः मिळवलेल्या पेंढ्यावर आणि स्वतः विकत घेतलेल्या बियाण्यावर दुसरे पीक किती जणींनी घेतले?

पहिले पीक सरकारचे असते. पेंढा सरकारी, बियाणे सरकारी, छायाचित्रही सरकारी. दुसरे पीक त्या बाईचे असते. मासिक आढावा बैठकीत जिल्हाधिकाऱ्याने हा एक आकडा न चुकता विचारला, तर पेंढ्याची वखार, पाकिटावरची तारीख आणि गावातले गिऱ्हाईक या गोष्टी खालच्या यंत्रणेला आपोआप शोधाव्या लागतील, कारण त्यांच्याशिवाय तो रकाना भरणारच नाही.